एका सभासदाची तक्रार

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी अश्लेषाचे सात फोन आले आणि मी एकही उचलला नाही.

फोन माझ्या शेजारीच होता. मला वाटलं, तालमीला काहीतरी सामान नेऊन द्यायचं असेल. एखादी ट्रंक, नाहीतर घडीच्या खुर्च्या. माझ्या बायकोला, विभाला, मी नाही म्हणेन म्हणून तिने अश्लेषाला फोन करायला लावलं असेल. त्या नाटकाच्या कशातच मी नाही, असं मी घरात स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून फोन उपडा ठेवला आणि क्रिकेट बघत बसलो.

आठवा फोन अनोळखी नंबरवरून आला, म्हणून तो उचलला. तो हॉस्पिटलमधून होता.

पुंगोलच्या घरून टॅक्सीने पोचायला पंचवीस मिनिटं लागली. अश्लेषा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती. एका हातात विभाची पर्स, दुसऱ्या हातात विभाच्या चपला, काखेत एक निळी वही. अश्लेषा इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक आहे. पाण्यातल्या जिवाणूंवर संशोधन करते. वय एकतीस. ते नाटक तिने लिहिलं होतं आणि विभा त्याची प्रॉम्प्टर होती.

“काका, मला आत सोडत नाहीत,” ती म्हणाली. “कोण तुम्ही म्हणून विचारलं. मी मैत्रीण म्हटलं. तर म्हणाले, घरचं कोणीतरी बोलवा. ॲम्ब्युलन्समध्ये मीच होते त्यांच्याबरोबर, पण आता काहीच सांगत नाहीत मला.”

मी आत गेलो. डॉक्टर तरुण होती, सावकाश बोलत होती. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. त्यांनी प्रयत्न केले होते. मी एकच प्रश्न विचारला, किती वाजता. तीन बावन्न, ती म्हणाली.

बाहेर आल्यावर सांगायचं काम माझ्यावर आलं. मी म्हणालो, “गेली.” अश्लेषा तिथेच जमिनीवर बसली. चपला तिने हातातून सोडल्या नाहीत.

तेव्हा माझ्या मनात एक विचार आला, आणि तो लिहिला नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, आता विभाला ते कधीच कळणार नाही. आणि क्षणभर मला हायसं वाटलं.

ते म्हणजे काय, ते सांगतो.

आमचा मराठी नाट्यगट लहान आहे. वीस-बावीस माणसं, पाच जणांची कमिटी, वर्षाला एक नाटक. कम्युनिटी क्लबची एक खोली भाड्याने घेऊन शनिवारी तालमी करायच्या. विभा अकरा वर्षं प्रॉम्प्टर होती. स्टेजवर तिला कधी जायचं नव्हतं. विंगेत खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसायचं आणि कोणी अडकलं की पहिले दोन शब्द द्यायचे. बास.

यंदा अश्लेषाने ‘दोघींचं जमतच नाही’ नावाचं नाटक लिहिलं. विनोदी होतं. सविता आणि सुलेखा नावाच्या दोन बायका इथे एक फ्लॅट भाड्याने घेऊन राहतात. दोघीही लेस्बियन आहेत, पण एकमेकींच्या फक्त मैत्रिणी आहेत. सविताची आई सात वर्षं रडून झाल्यावर एकदाची सुधारते आणि पुण्याहून येते. दारात सुलेखा दिसते. आई ठरवून टाकते, हीच आपली सून. मग साडी, नारळ, कांदेपोह्यांचा कार्यक्रम. दोघी सांगून थकतात की आमच्यात तसलं काही नाही. आई म्हणते, आता लपवू नका, मी आता सुधारले. सगळ्या नाटकभर मुलीला स्वीकारायला निघालेली आई आणि तिला थांबवणाऱ्या दोन बायका.

हे मी आज सांगू शकतो. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की ते ‘तसलं’ नाटक आहे.

चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या ऑफिसात मी सतरा वर्षं काम करतोय. जूनमध्ये पँट्रीत कॉफी घेताना एका मराठी सहकाऱ्याने हसत विचारलं, “वहिनी तसल्या नाटकात आहेत म्हणे?” दुसरा म्हणाला, “वहिनी विंगेत असतात रे. सध्या तरी.” दोघं हसले. मीही हसलो. आणि संध्याकाळी घरी येताना मी गटाच्या अध्यक्षाला, चंद्रशेखरला, फोन केला. म्हणालो, हे नाटक झालं नाही तर बरं. काहीतरी बघा. पण माझं नाव कुठे घेऊ नका.

चंद्रशेखरने नाव घेतलं नाही. शब्दाला पक्का माणूस. त्याने कमिटीपुढे ‘एका सभासदाची तक्रार’ एवढंच सांगितलं.

त्या आठवड्यात विभा जेवताना नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होती.

“एका सभासदाची तक्रार म्हणे. आणि हा चंद्रशेखर नावच सांगत नाही.”

“असेल कोणीतरी,” मी म्हणालो.

“कोणीतरी म्हणजे? समोर येऊन बोल की. नाही आवडत ना, नको आवडू दे. तोंडावर सांग. ती अश्लेषा बिचारी तीन तास कमिटीसमोर बसली होती. हे वाक्य कशाला, ते वाक्य कशाला. सरकारी परवाना मिळालाय, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही म्हणून लिहून दिलंय, आणखी काय पाहिजे? भेकड मेला.”

मी ताटाकडे बघत होतो. “भेंडी छान झालीय,” मी म्हणालो.

“भेंडी काल होती. ही गवार आहे.”

आमची मुलगी जाई वीस वर्षांची आहे, इथेच वाढली, इथल्याच धाटणीचं इंग्रजी बोलते. ती म्हणाली, “बाबा, यू नॉट इव्हन लिसनिंग, लाह.”

मी ऐकत होतो. शब्द न् शब्द ऐकत होतो.

विभाने हट्टाने नाटक वाचवलं. कमिटीत मतदान झालं आणि तीन विरुद्ध दोन असं ते तगलं. पण विषय मिटला नाही. तक्रार कोणाची, हे शोधायला अश्लेषाने सुरुवात केली होती. आमच्याकडे प्रकाशयोजना बघणारा धैर्यशील आहे. रॅफल्स प्लेसला नोकरी करतो, अबोल आहे. तो चंद्रशेखरच्याच सोसायटीत राहतो आणि त्याच सुमाराला दोन तालमींना आला नव्हता. अश्लेषाने दोन आणि दोन चार केले. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

विभा गेल्यावर पंधरा दिवसांनी चंद्रशेखर घरी आला. बरोबर अश्लेषा होती आणि मालती होती. मालती अकाउंटंट आहे, दोन मुलांची आई. नाटकात सुलेखाचं काम ती करत होती, सविताचं अश्लेषा. मी चहा केला. साखर कुठे असते हे तोवर कळलं होतं.

चंद्रशेखरने कप खाली ठेवला. “विश्वासराव, कमिटीचं असं मत पडलंय—”

“कमिटीचं की तुमचं?” मालती म्हणाली.

“मालती, जरा थांब ना. तर असं मत पडलंय, की वहिनींना श्रद्धांजली म्हणून यंदा नाटक नको. हॉल घेतलेलाच आहे. त्या दिवशी भावगीतांचा कार्यक्रम करू. वहिनींचा फोटो ठेवू, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू.”

“विभाताईंना भावगीतं आवडायची नाहीत,” अश्लेषा म्हणाली.

जाई आतून ओरडली, “आई ऑल्वेज फॉल अस्लीप, लाह!”

“ते असू दे,” चंद्रशेखर म्हणाला. “शेवटी शब्द विश्वासरावांचा. माणूस त्यांच्या घरातलं गेलंय. ते म्हणाले रद्द, तर रद्द. कोणी काही बोलणार नाही.”

त्याने माझ्याकडे बघितलं. जूनमध्ये मी फोनवर जे मागितलं होतं ते त्याने आता ताटात वाढून समोर ठेवलं होतं. मी फक्त मान हलवायची होती. कोणी मला नावं ठेवली नसती. उलट समजून घेतलं असतं.

अश्लेषा माझ्याकडे बघत नव्हती. ती फ्रिजकडे बघत होती. तिथे नाटकाचं पोस्टर लावायला मी विभाला मनाई केली होती, आणि तिने त्या जागी लोहचुंबक तसाच रिकामा ठेवला होता.

आता वहीचं सांगायला हवं. हॉस्पिटलमधून आणलेल्या पिशवीतली निळी वही मी त्या पंधरा दिवसांत रोज उघडत होतो. नाटकासाठी नाही. तिचं अक्षर बघायला. विभाचं अक्षर इतकं वाईट होतं, की वाण्याच्या यादीसाठी दुकानातून फोन करून मी तिला विचारायचो, हे मूग का मीठ. त्या वहीत छापील संहितेची पानं चिकटवलेली होती आणि समासात पेन्सिलीने खुणा. उभी रेघ म्हणजे नट मुद्दाम थांबतो, प्रॉम्प्ट द्यायचा नाही. गोल म्हणजे इथे लोक हसतील, पुढच्या वाक्याला घाई नको. शेवटच्या पानावर सामानाची यादी.

आणि तेविसाव्या पानावर एका गोलाशेजारी लिहिलं होतं, ‘इथे विश्वास हसेल.’

आई विचारते, माझ्या सवितात काय कमी आहे म्हणून तू नाही म्हणतेस? सुलेखा म्हणते, काकू, ती ओला टॉवेल गादीवर टाकते. आई म्हणते, मग काय झालं, तिचे वडीलही टाकतात!

ओला टॉवेल गादीवर मी टाकतो. सत्तावीस वर्षं टाकतोय. म्हणजे ते वाक्य विभाने अश्लेषाला दिलेलं होतं. मी नाटकाला येणार नाही असं तीनदा सांगितलं होतं, तरी तिने मला प्रेक्षकांत धरलं होतं.

“नाटक होऊ दे,” मी म्हणालो.

चंद्रशेखर म्हणाला, “पण प्रॉम्प्टर? वहिनींशिवाय?”

“मी करतो.”

“दादा, तुम्ही?” मालतीच्या तोंडून निघून गेलं.

“वही माझ्याकडे आहे. आणि तिचं अक्षर दुसऱ्या कोणाला लागणार नाही.”

निघताना मी चंद्रशेखरला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. बाकीच्या दोघी मागे चपला घालत होत्या. तो हळू आवाजात म्हणाला, “अहो, तुम्हीच तर...”

“हो. मीच.”

“मग मी आता कमिटीला काय सांगू?”

“सांगा, त्या सभासदाने तक्रार मागे घेतली.”

“आणि नाव?”

मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. लिफ्ट आली. दोघी धावत आल्या. चंद्रशेखरने त्यांच्यासाठी दार धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

तालमींना मी जायला लागलो. प्रॉम्प्टिंग मला सोपं वाटलं होतं. ते सोपं नाही. मी फार लवकर शब्द द्यायचो, तेही मोठ्याने.

“दादा,” मालती स्टेजवरूनच म्हणायची, “मी विसरले नाहीये. श्वास घेतेय.”

“उभी रेघ दिसली नाही.”

“रेघ कशाला बघता? माझ्याकडे बघा.”

अश्लेषाने एकदा खुर्ची ओढून शेजारी बसून समजावलं. “काका, विभाताई वहीकडे कमी बघायच्या. आमच्या ओठांकडे बघायच्या. ओठ हलायचे थांबले आणि डोळे फिरायला लागले, की समजायचं. वही फक्त धरायची.”

मला वहीच बघायची होती. पण मी शिकलो. एका महिन्यात त्यांच्या ओठांकडे बघायला शिकलो. आणि माणसांच्या तोंडाकडे एवढा वेळ बघितलं, की ती माणसं आपली वाटायला लागतात, हे मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी एका तालमीनंतर आम्ही हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, चहा पीत होतो. अश्लेषा खुशीत होती. “काका, चंद्रशेखरकाकांनी सांगितलं, त्या सभासदाने तक्रार मागे घेतली. विभाताई गेल्यावर लाज वाटली असेल.”

“असेल.”

“मला माहितीये कोण ते. धैर्यशील.”

“धैर्यशील नसेल,” मी म्हणालो.

“तुम्हाला काय माहीत?”

“तसा वाटत नाही तो.”

“तसे कोणीच वाटत नाहीत, काका. माझे बाबापण वाटले नव्हते.” तिने चहाचा घोट घेतला. “माझ्याबद्दल त्यांना सांगून चार वर्षं झाली. फोनवर आईच्या मागे आवाज येतो त्यांचा, पेपर वाचताना खोकल्याचा. तेवढाच.”

तेव्हा सांगायला हवं होतं. समोर चहा होता, दुसरं कोणी नव्हतं. पण ती पुढे म्हणाली, “बरं झालं तुम्ही आलात. कोणीतरी वडीलधारं आमच्या बाजूने बसलंय विंगेत, एवढ्याने बरं वाटतं.” मी माझा कप उचलून ठेवायला गेलो.

दुसऱ्या शनिवारी धैर्यशील वायरी गुंडाळत माझ्याजवळ आला. “काका, माझं काही चुकलं का हो? अश्लेषा माझ्याशी धड बोलत नाही. लाइट कुठे बदलायचा तेसुद्धा मालतीताईंकडून निरोप येतो. जूनमध्ये पोराला डेंग्यू झाला होता म्हणून दोन तालमी बुडाल्या, तेवढंच. त्याचा राग असेल का?”

“कामाचा ताण असेल तिला,” मी म्हणालो.

“तसंच असेल,” तो म्हणाला आणि वायरी घेऊन गेला. त्याने माझ्यावर लगेच विश्वास ठेवला.

प्रयोग ऑक्टोबरमधल्या शनिवारी होता, संध्याकाळी सात वाजता. सकाळी मी वहीतली सामानाची यादी काढून एकेक गोष्ट खोक्यात भरली. साडी एक. नारळ एक. टॉवेल, ओला करून. दोरी, वीस फूट. शेवटी लिहिलं होतं, ‘डबा (भरलेला)’. भरलेला या शब्दाखाली दोन रेघा होत्या. मी मालतीला फोन केला.

“अहो, डबा रिकामाच चालतो, लोकांना काय दिसतंय? पण विभाताई दर वेळी भरून आणायच्या. आम्ही नंतर खायचो.”

म्हणून मी पोहे केले. आयुष्यात पहिल्यांदा. जाई बाजूला उभी राहून मोबाइलवरून कृती वाचून दाखवत होती. तिचं देवनागरी वाचन सावकाश असल्यामुळे कांदा दोनदा करपला.

हॉलमध्ये नारळ फोडायला परवानगी नाही, म्हणून आम्ही तो नटराजापुढे नुसता ठेवतो. सगळ्यांनी नमस्कार केला. मालतीने विभाच्या खुर्चीला हात लावला. तिसरी घंटा झाली आणि मी बसलो.

एकशेचाळीस लोक होते. पँट्रीतले ते दोघंही बायकांना घेऊन आले होते, हे मी पडद्याच्या फटीतून बघितलं. पहिल्या दहा मिनिटांत कोणी हसलं नाही. मग आईने सुलेखाला विचारलं, स्वयंपाक येतो का? सुलेखा म्हणाली, काकू, मला येतो, पण हिच्यासाठी करणार नाही. तिथे हॉल हसला, आणि मग हसतच राहिला. टॉवेलचं वाक्य आलं. लोक खूप हसले. मी हसलो नाही. वहीतला तो गोल माझ्या समोर होता आणि तिचे तीन शब्द. हसणं शक्यच नव्हतं. विभाचा अंदाज चुकला.

शेवटचा प्रवेश होंग लिम पार्कचा आहे. दर वर्षी जूनच्या सुमाराला समलिंगी माणसं आणि त्यांच्या बाजूचे लोक तिथे गुलाबी कपडे घालून जमतात, आम्ही आहोत हे अभिमानाने दाखवायला. पण त्यात भाग घ्यायचा तर नागरिक किंवा पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, असावं लागतं. नाटकात सुलेखा पीआर आहे आणि सविता वर्क पासवर, नुसत्या नोकरीच्या परवान्यावर. म्हणून स्टेजवर मध्ये दोरी बांधलेली असते. मालती दोरीच्या आत, अश्लेषा दोरीच्या बाहेर, दोघींची पिशवी आणि डबा सांभाळत.

“गॅस बंद केलास का?” सविता दोरीवरून ओरडते.

“आज अभिमानाचा दिवस आहे, सविता! आज गॅसचं काय विचारतेस?”

“म्हणजे नाही केलास.”

मग आतून गाणी ऐकू येतात. सविता म्हणते, जा तू पुढे, मी आहे इथे. सुलेखा चार पावलं जाते, थांबते, परत येते आणि दोरीखालून वाकून बाहेर येऊन शेजारी बसते. सविता विचारते, “अगं, परत का आलीस? वर्षभर वाट बघत होतीस ना?”

सुलेखा म्हणते, “तुला बाहेर ठेवून मी आत काय करू?” इथे उभी रेघ आहे. मग, “शिवाय डबा तुझ्याकडे आहे.”

हे वाक्य मी तीसेक वेळा ऐकलं होतं. तालमीत कधी हसू आलं नाही. त्या दिवशी का आलं सांगता येत नाही. मालतीने ते अशा गंभीर चेहऱ्याने म्हटलं, आणि त्या डब्यात काय आहे ते एकट्या मला माहीत होतं. मी हसलो. तोंडावर हात ठेवून थांबवायला गेलो तर आणखी जोरात आलं. विभा गेल्यापासून मी हसलो नव्हतो, म्हणून ते आवरायचं कसं हेही विसरलो होतो. मांडीवरची वही खाली पडली आणि तिची पानं मिटली.

आणि नेमकी तेव्हाच मालती अडकली. तिचे ओठ थांबले. डोळे फिरले. ती विंगेकडे बघत होती आणि मी गुडघ्यांवर बसून अंधारात पान शोधत होतो. पाठ असलेलं वाक्य मला आठवेना. एक सेकंद, दोन, पाच. प्रॉम्प्टर हसल्यामुळे नाटक थांबलं, असं अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं.

अश्लेषाने मला बघितलं. मग तिने शांतपणे डबा उघडला आणि मालतीपुढे धरला. मालतीने घास घेतला. चावला. थांबली. पुन्हा चावला. पोह्यांत मी मीठ घातलं नव्हतं.

“यात मीठ नाही,” मालती म्हणाली.

अश्लेषाने एक घास खाल्ला. “नाहीचे,” ती म्हणाली. “पण भरलेला आहे.”

हॉल आधी हसला आणि मग एकदम शांत झाला. दोघी दोरीच्या बाहेर बसून अळणी पोहे खात होत्या. पुढची चार वाक्यं तशीच राहिली. धैर्यशीलला कोणी निरोप दिला नव्हता, तरी त्याने स्वतःहून लाइट हळूहळू कमी करत नेला, दोघींचे चेहरे आणि डबा एवढाच ठेवला, आणि मग तोही विझवला. टाळ्या बराच वेळ चालल्या.

नंतर सगळे स्टेजवर गोळा झाले. चंद्रशेखर मला म्हणाला, “ते मिठाचं वाक्य परवान्यासाठी दिलेल्या संहितेत नव्हतं हो.” पण त्याचे डोळे पाणावलेले होते. पँट्रीतला एक जण हात मिळवून म्हणाला, “मस्त झालं. वहिनी असत्या तर...” मी म्हणालो, तिने एवढं अळणी केलं नसतं.

अश्लेषा येऊन माझ्या गळ्यात पडली. “काका, हसलात तुम्ही! विभाताई म्हणायच्या, विश्वास एकदा जरी हसला ना, तर मी जिंकले.”

“चुकीच्या जागी हसलो.”

“असू दे. तो सभासद आज आला असेल का हो? आला असेल तर बघितलं असेल त्याने.”

“आला होता,” मी म्हणालो.

तेवढ्यात धैर्यशील वायरींचं वेटोळं खांद्यावर घेऊन जवळून गेला. शेवटचा लाइट छान झाला, असं ती म्हणेल म्हणून तो क्षणभर थांबला असावा. अश्लेषाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हाच ना तो, अशी मान हलवली. मला वाटलं, आता बोलावं. मी “अश्लेषा” म्हणालोही.

“काय काका?”

“टॉवेल राहिलाय स्टेजवर. ओला आहे.”

ती हसत टॉवेल आणायला गेली.

आता जानेवारी आहे. नाटकाचं पोस्टर फ्रिजवर आहे, त्याच लोहचुंबकाखाली. टॉवेल मी दोरीवर वाळत घालतो. निळी वही टेबलावर आहे. चव्वेचाळिसाव्या पानावर, डब्याच्या वाक्यापाशी, मी पेन्सिलीने एक गोल काढला आहे आणि लिहिलं आहे, ‘इथे हसलो.’ माझं अक्षर चांगलं आहे, कोणालाही वाचता येईल.

अश्लेषाचा इथला करार मार्चमध्ये संपतो. मग ती दुसऱ्या देशात जाणार आहे. दर रविवारी ती जेवायला येते, जाईशी पत्ते खेळते, मला स्वयंपाक शिकवते. धैर्यशीलशी ती अजून बोलत नाही. जूनमध्ये चंद्रशेखरला फोन मी केला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.